ओला वेत

लढाईवरून मी परत आलो तो उजवा हात कोपराखाली तिकडंच ठेवून. कडेगावच्या अंगाला आमचा ऊस, घरात थोरला भाऊ कर्ता, खायला कमी नव्हतं. पण डाव्या हातानं जेवायला बसलो की पंगतीत शेजारचा माणूस दुसरीकडं बघायचा. मग वहिनी मला आतच बसवायची आणि दुधात भाकरी कुस्करून आणायची, तान्ह्या पोराला आणतात तशी. तिच्या मनात वाईट नव्हतं, पण ते माझ्या घशाखाली उतरायचं नाही. एक दिवस वाटी तशीच ठेवली आणि सांगलीची मोटार धरली.

सांगलीत हळदीच्या एका रिकाम्या वखारीत एका डॉक्टरांच्या विधवा बाईंनी संस्था काढली होती. आंधळी, पांगळी, हात तुटलेली माणसं तिथं राहून काम शिकायची. कुणी सुतळी वळायचं, कुणी शिवणकाम, कुणी खुर्च्यांना वेत घालायचं. बाईंचा नियम रोखठोक. तीन महिने शिका. तुमच्या हातचा एक तरी नग गिऱ्हाइकाकडं गेला तर इथंच काम आणि राहायला खोली. नाही गेला तर घरचं माणूस येऊन घेऊन जाईल, कारण जागेची वाट बघणारे बाहेर उभे होते. घरी जाऊन ती दुधाची वाटी परत बघायची नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

मला वेताकडं घातलं. शिकवायला मिरजेचे एक आंधळे उस्ताद होते. काम अवघड नव्हतं, बसणं अवघड होतं. शेतात उभा, पलटणीत उभा, असा माझा जन्म गेलेला. घटका झाली की उठायचो आणि कृष्णेच्या घाटापर्यंत जाऊन यायचो. त्यात नसलेल्या तळहाताला खाज सुटायची. ती कुठं खाजवायची?

पावलं ऐकून उस्ताद म्हणायचे, "आला का बैल फिरून? गड्या, खुर्चीला चार पाय असून ती जाग्यावर हाय. तुला दोनच, तरी ठरत न्हाईस."

तिसऱ्या महिन्यात एका शाळेच्या सहा खुर्च्या आल्या. पाच जुन्या माणसांना दिल्या आणि एक मला. मुदतीचे आठ दिवस राहिले होते.

वेत भिजवायचा, चौकटीच्या भोकांतून ओवायचा आणि सुटू नये म्हणून भोकात खुंटी दाबायची. मी टोक दातात धरायचो, थोट्या हातानं दाबायचो, डाव्यानं ओढायचो. आणि ओढायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. लहानपणापासून घरच्या बाजा मीच विणल्या होत्या. चौकटीला पाय लावायचा आणि सुंभ जीव खाऊन ओढायचं. आमच्याकडं बाज ढिली पडली तर विणणाऱ्याची अब्रू जाते. ही खुर्चीही मी तशीच विणली. बोट मारलं तर हलगीसारखी वाजली.

उस्तादांनी तिच्यावरनं हात फिरवला. "आरं, ही बाज हाय का खुर्ची? बोटभर ढील सोड. वाळला की वेत आपसूक ताठतो."

"तुमाला दिसत न्हाई, म्हणून म्हणताय उस्ताद. ढिल्या खुर्चीतनं हेडमास्तर खाली जाईल."

"मला न्हाई दिसत. वेताला दिसतंय."

मी ऐकलं नाही. वर दम धरवेना म्हणून खुर्ची उन्हात नेऊन ठेवली. दुपारी जेवताना आवाज आला, तट्. थोड्या वेळानं परत, तट्. मग लागोपाठ. सगळ्यांचे हात ताटात थांबले. उस्ताद मात्र घास चावत राहिले. ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

बाई म्हणाल्या, "पाच दिवस आहेत. पुन्हा घालणार, की बांधाबांध करणार?"

"घालतो."

तुटका वेत उपसून नवा भिजवला. या खेपेला ढील सोडली. बैठक झोळीसारखी लोंबत होती आणि मला तिच्याकडं बघायची लाज वाटत होती. खुर्ची सावलीत ठेवली. आता काही करायचं नव्हतं, आणि तेच मला जमत नव्हतं. त्या दिवशी किती वेळा घाटावर गेलो त्याला हिशोब नाही. परत आलो की खुर्चीभोवती फिरायचो. एकदा हळूच दाबून बघायला गेलो तर उस्तादांची काठी पायावर बसली. "हात लावू नगंस. भाकरी न्हाई ती, उलटायला."

मुदत संपायच्या दिवशी भाऊ आला. पटका बांधलेला, काखेत वहिनीनं दिलेलं भाकरीचं गठुडं. "चल. तुझी खोली सारवून ठिवलीया." आणि तो भिंतीला टेकून खाली बसला.

खुर्ची वाळली होती. पण तिच्यावर अजून कुणी बसलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "यांनाच बसवा." भाऊ तालमीतला गडी, अंगानं दोन माणसांचा.

"दादा, वर बस."

"मी? मी काय मामलेदार हाय व्हय?"

"बस म्हनलं न्हवं!"

तो टेकला, पण निम्मं वजन पायांवर ठेवून.

"सगळा बस."

तो सगळा बसला. खुर्ची करकरली. माझे कान तट्ची वाट बघत होते. उस्तादांनी मान तिरकी केली. भाऊ एकदा हलला, मग मागं रेलला. "आयला! लय झ्याक हाय की रं."

उस्तादांनी मान सरळ केली आणि पुढचा वेत भिजवायला घेतला. तुमचं खरं होतं, असं मी त्यांना कधी म्हटलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

सहाही खुर्च्या हातगाडीवरून शाळेत गेल्या. आम्ही दोघे जेवायला बसलो. सवयीनं भावाचा हात माझ्या भाकरीकडं आला. मी भाकरी थोट्यानं मांडीवर दाबली आणि डाव्या हातानं मोडली. त्याचा हात तसाच अधांतरी राहिला. मग त्यानं कांदा उचलला, बुक्कीनं फोडला आणि अर्धा माझ्या ताटात टाकला.

"मग यायचास कवा?"

"नागपंचमीला. माझा मी यीन."