आमच्या गोड विहिरीचा आकडा

शाळेतल्या त्या मॅडमचा मला पहिल्या दिवसापासून राग होता आणि तो अजून गेलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्यानं शेवटी हात जोडले.

मी चौथी शिकलो. आमचं गाव पूर्णेच्या काठचं, अकोल्याहून दर्यापूरकडं जाताना लागतं. हा सगळा खारपाणपट्टा. कुठंही खणा, खारं पाणी लागतं. माझ्या बापानं खणलेली विहीर तेवढी गोड. गावात आम्हाला 'गोड विहीरवाले' म्हणतात. लग्नकार्याला लोक आमच्याकडून पाणी नेत. पुढं धरणावरून नळ आला, मग पाण्याच्या कॅना विकणारी गाडी यायला लागली. मी दोन्हीतलं काही घरात शिरू दिलं नाही. ज्याच्या घरी गोड विहीर, त्यानं नळावर भांडं धरायचं काय?

बायको गेल्या साली गेली. दोन्ही किडन्या बसल्या होत्या. आठवड्यातून दोनदा मी तिला एसटीनं अकोल्याला नेत होतो, रक्त धुवायला. पहिल्याच दिवशी डॉक्टरनं विचारलं, "पाणी कोणतं पिता?" मी छाती काढून सांगितलं, "घरच्या विहिरीचं. गोड हाये." ती पलंगावर पडली होती. तिनं तोंड भिंतीकडं वळवलं.

ती गेल्यापासून मला रोज तेच दिसते. विहीर गोड असली पाहिजे. ती गोड नसेल तर मी बायकोला चाळीस वर्षं काय पाजलं?

आता मॅडम. कोकणातल्या आहेत, बदलीनं इकडं आल्या. माझी नात आठवीत त्यांच्या वर्गात. एका संध्याकाळी ती ओसरीवर आकडे मोठ्यानं वाचत होती. भरतीच्या वेळी खारेपणा इतका, ओहोटीला इतका.

"कायचे आकडे हायेत हे?"

"खाडीच्या पाण्याचे, आबा. मॅडमच्या गावची खाडी हाये. तिथचे लोक दर आठवड्याले पाणी मोजतेत. खरे आकडे हायेत, पुस्तकातले नाई. आमाले त्याचा आलेख काढाचा हाये."

"तू खाडी पाह्यली काय?"

"नाई."

"समुद्र?"

"नाई. मले वाटते तिथची पोरं आपल्या नदीचे आकडे घेत असतीन."

माझं टाळकं सरकलं. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. सगळा वर्ग ऐकत होता, ऐकू दिलं.

"मॅडम, आमच्या पोरांनी समुद्राचं मीठ मोजून काय करावं? तुमच्या माहेरची याद येऊन राह्यली तर सुट्टी काढा, जाऊन या."

बाई हसल्या. तेही मला आवडलं नाही. म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं, आजोबा. मग आपल्या गावच्या विहिरीच मोजू या."

म्हणजे हे माझ्याच तोंडानं झालं.

त्यांच्याकडं पेनासारखं एक यंत्र होतं. पाण्यात बुडवलं की आकडा दाखवते. पोरांनी तक्ता केला. पहिल्या रकान्यात विहीर, दुसऱ्यात घरच्या लोकांनी सांगितलेली चव, तिसऱ्यात आकडा. दोन दिवसांनी सगळी वरात माझ्या विहिरीवर. मी काठी घेऊन कठड्यावर बसलो.

"एक बाटली फक्त, आजोबा."

"तुमच्या खाडीत बुडवा तुमची बाटली. ही विहीर गोड हाये. अख्खं गाव सांगते. ते लिवा अन् निघा."

चवीच्या रकान्यात 'गोड' लिहून वरात निघाली. मी जिंकलो म्हणून त्या दिवशी दोनदा चहा घेतला. पाणी विहिरीचंच.

पण नात रोज शाळेत पाण्याची बाटली नेते, आणि ती मीच भरून देतो. हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पोरीनं चोरी केली नाही की लबाडी केली नाही. मॅडमनं विचारलं, आता उरली कोणती विहीर? हिनं दप्तरातून बाटली काढली आणि झाकण उघडलं.

संध्याकाळी ती घरी आली ती थेट माझ्यासमोर उभी राहिली. "आबा, आपली विहीर खारी हाये."

"कोन म्हन्ते?"

"यंत्र. तीनदा बुडवलं. ज्या विहिरींले आपण खाऱ्या म्हन्तो, त्यायच्यातच बसते. थोडीशी कमी, बस. मॅडमनं खाडीच्या आकड्यासंगं लावून पाह्यला. जिथं भरतीचं पाणी जरासंच येते ना, तिथल्या आकड्याच्या बाजूले."

आकडा तिनं सांगितला. मी इथं लिहिणार नाही. तक्त्यावर आहे, पाहायचा त्यानं जाऊन पाहावा.

मी तांब्याभर पाणी काढून प्यायलो. गोड लागलं. परत प्यायलो. गोडच. आमच्या जिभाच तशा झाल्या होत्या. शेजारच्या विहिरीचं तोंडात धरवत नाही, म्हणून आपलं गोड. बाकी जगाचं पाणी आम्ही पिऊन पाहतच नव्हतो.

बायकोनं पिऊन पाहिलं होतं. तिचं माहेर परतवाड्याकडं, मेळघाटच्या पायथ्याशी. लग्नानंतर ती पहिल्यांदा माहेरी जाऊन आली तेव्हा पाच लिटरची पाण्याची कॅन घेऊन एसटीतून उतरली. दुसऱ्या बायका माहेराहून लुगडं आणतात, ही पाणी आणे.

"याचं काय करतं?" मी विचारलं.

"डाळ शिजवीन. तुमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाई."

"तुले चूल पेटवता येत नाई, विहिरीले काहून नावं ठेवतं?"

सगळ्यांसमोर म्हणालो होतो. माझी आई हसली होती. त्यानंतर बायको सोडा टाकून डाळ शिजवत राहिली. पण माहेराहून येताना कॅन आणायची ती आणायचीच. मी दर वेळी टोमणा मारला. एकदा तर कॅन अंगणात ओतून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीची बाटली घेऊन नळावर गेलो. बायांची रांग होती. एक म्हातारी म्हणाली, "काहून वो, गोड विहीर आटली काय?" बाकीच्या फिदीफिदी हसल्या. मी बाटली भरली. घरी येऊन परत हंडा घेऊन गेलो. परत हसल्या.

मग शाळेत. मॅडम वर्गात होत्या, तक्ता फळ्यावर उतरवलेला होता. मला पाहून घाईघाईनं म्हणाल्या, "आजोबा, तुमची परवानगी नव्हती. मी तुमची विहीर तक्त्यातून काढून टाकते."

"काढून पाहा," मी म्हणालो. "मंग पाह्यतो तुमी इथं कशा शिकवता ते. राहू द्या तो आकडा. चव खोडा."

नात खडू घेऊन उठली. तिनं 'गोड' खोडलं. "काय लिहू, आबा? खारी?"

"मले काय विचारतं? मले गोडच लागते अजून. तुह्या आजीची चव लिही. डाळ शिजत नाई."

मॅडम म्हणाल्या, "पण आजोबा, ही चव नाही म्हणता येणार."

"मॅडम, तुमचं यंत्र आता आलं," मी म्हणालो. "पोरी, लिही."

तिनं लिहिलं. मी शब्द लावून वाचलं, नीट आहे ते पाहिलं, आणि मॅडमला नमस्कार न करता घरी आलो.