टीव्हीची उजवी कड

भाभींचा, म्हणजे बशीरच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी परळीतल्या एका दुकानात टेबलाखाली शिरून वायर ओढत होतो. "दत्ताभाऊ, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मग सावरून, "दुपारच्या नमाजनंतर नेणार हायत. तुमी येताल ना?" मी हो म्हणालो आणि टेबलाखालीच बसून राहिलो. दुकानदाराला वाटलं, मला शॉक बसला. त्यांच्या गावी, दिंद्रुडला, पोचलो तर लोकांनी "लई जुने दोस्त हायत," म्हणत मला वाट करून दिली. मी मूठभर माती टाकली. त्याला आता सहा आठवडे झाले. त्या दिवशी मला ज्या मानानं पुढं केलं, तो मान माझा होता का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून हे लिहितोय.

बशीर आणि मी अंबाजोगाईला आयटीआयमध्ये एका बाकावर होतो. पुढं मी परळीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि हळूहळू कॉम्प्युटरही बघू लागलो. त्याचा जीव अक्षरांवर. आधी ब्रशनं पाट्या रंगवायचा, नंतर घरातच कॉम्प्युटर घेऊन लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करायला लागला. एकदा माजलगावच्या रस्त्यानं त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून चाललो होतो. त्यानं एकदम ब्रेक मारला, खाली उतरला आणि एका खताच्या दुकानाची पाटी बघत कमरेवर हात ठेवून उभा राहिला. वीस वर्षांपूर्वी त्यानंच रंगवलेली. "वेलांटी बग बे," तो म्हणाला, "कशी पडल्यावानी दिसायली. आन् मी हिच्यावर सही केली!" दुकानदारानं चहा पाजला तरी त्याचं मन त्या पाटीवरून हटलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्याचा मॉनिटर जळाला. चाळिशी लागल्यापासून त्याला बारीक अक्षरांचा त्रास होताच. त्यानं बैठकीतला त्रेचाळीस इंची टीव्ही उचलून टेबलावर मांडला, कॉम्प्युटर जोडला आणि मला फोन केला. "अक्षरं मोठी झाली, पर फुगल्यावानी दिसायलीत. भोवती पांढरी रेघ हाय. आन् खालची पट्टी अर्धी गायब." मी दुसऱ्या दिवशी गेलो. टीव्हीची अशी समजूत असते की आपल्यावर सिनेमाच चाललाय. तो चित्र किंचित ताणतो, त्यात कडा बाहेर जातात, आणि उठाव यावा म्हणून प्रत्येक अक्षराला कड काढत बसतो. मी जुनी निळ्या टोकाची वायर काढून एचडीएमआय लावली, कॉम्प्युटरचं रिझोल्यूशन टीव्हीच्या मापाएवढं केलं, टीव्हीत त्या जोडणीला 'पीसी' हे नाव दिलं, पिक्चर साइज 'स्क्रीन फिट'वर नेला आणि शार्पनेस शून्यावर आणला.

"शून्यावर कावून बे? मला धार पायजे, आन् तू धारच काढून घ्यायलास?"

"बघ तर आधी."

त्यानं पडद्यावर एक 'क्ष' घेतला, नाक लावून बघितला, मग खुर्ची मागं सरकवून बघितला. हसला. "ह्याच्या पोटातली जागा बी दिसायली की." त्या दुपारी त्यानं मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

फेब्रुवारीत, ऐन लग्नसराईत, पुन्हा फोन. "टीव्ही उजवीकडचं कापायलाय बे." मला वाटलं, लाईट जाऊन सेटिंग उडालं असणार. मी फोनवरच एकेक बटण सांगत गेलो. तो म्हणाला, "स्क्रीन फिटच हाय म्हणतंय." मी म्हणालो, "मग एकदा बदल आणि परत तेच कर." बटणांचे आवाज ऐकू आले. "झालं का?" मी विचारलं. "झालं... झालं वाटतं." ते 'वाटतं' मला आज ऐकू येतं. तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. त्यानंतर दोनदा हेच झालं, दोन्ही वेळा मी हेच सांगितलं.

मग एक पत्रिका चुकली. उजव्या बाजूला नवरीच्या मामांचं नाव होतं, त्यातलं आडनावच गळालं. छापून गावभर वाटल्यावर लक्षात आलं. मामा लग्नाला येणार नाही म्हणून अडून बसले. ज्या माणसाला वीस वर्षांची वेलांटी सोसली नव्हती, त्याच्या हातून हे झालं. तो फोनवर माझ्यावर ओरडला, "तुझ्या सेटिंगनं मला चार लोकांत खाली बघायला लावलं!" मी येतो म्हणालो. एका शाळेची लॅब बसवायचं काम चालू होतं, त्यात आठ दिवस गेले.

आठ दिवसांनी मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. पडद्यावर सगळं जागच्या जागी होतं. चारही कडा पूर्ण, उजवीकडं खाली घड्याळसुद्धा. मी विचारलं, "किती वाजलेत?"

"कुठं हाय घड्याळ? त्येच तर बोंबलायलोय, कापलंय म्हणून."

दारातून चहा घेऊन येणाऱ्या भाभी सहज म्हणाल्या, "साडेअकरा की." त्यांनी कप त्याच्या उजव्या हाताशी ठेवला. बशीरनं माऊसकडं हात नेला आणि कप आडवा झाला. चहा कीबोर्डवरून खाली सांडत राहिला. तो चहाकडं नाही, भाभींकडं बघत होता. "तुला दिसायलंय?" त्यानं विचारलं. भाभींनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

त्याच दुपारी आम्ही त्याला अंबाजोगाईला नेलं. मेंदूत गाठ होती, डाव्या अंगाला, आणि तिनं दोन्ही डोळ्यांची उजवीकडची नजर खाल्ली होती. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? बशीर म्हणाला, "महिना झाला." त्या महिन्यात तीनदा मी फोनवर बटणं सांगितली होती. नंतर बाहेर गाठून मी डॉक्टरांना विचारलं, महिनाभर आधी आलो असतो तर? ते म्हणाले, "तसं सांगता येत नाही." हो म्हणाले असते किंवा नाही म्हणाले असते, तर मी त्या उत्तराला धरून राहिलो असतो...

ऑपरेशन झालं, पण गाठ पूर्ण निघाली नाही. घरी आल्यावर बशीरनं पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे, पत्रिका नव्यानं करायची. लग्न कधीच उरकलं होतं. "आसू दे. मामाच्या घरी नीट छापलेली एक तरी जाऊ दे." मी टीव्ही टेबलाच्या डाव्या टोकाला सरकवला, सगळं काम पडद्याच्या डाव्या अर्ध्यात बसवलं. दोन दिवस खपून त्यानं ती केली. ओळीच्या शेवटी पोचला की बोट लावून मान वळवायचा, आणि आडनावाचं शेवटचं अक्षर मोठ्यानं वाचायचा.

तेव्हाच मी धीर करून म्हणालो, "बशीर, मी फोनवर बटणं सांगत बसलो..."

तो म्हणाला, "गाडीवर दोनदा उजवीकडचा माणूस दिसला नव्हता मला. दाराची चौकट खांद्याला लागायची. टीव्ही थोडाच चौकट कापतो? तुला न्हाई सांगितलं. तुझ्या भाभीला बी न्हाई." थोड्या वेळानं पुन्हा, "मलाबी टीव्हीच बिघडलेला पायजे होता बे."

यानं माझं ओझं हलकं व्हावं असं त्याला वाटलं असेल. ते झालं नाही. आम्ही दोघंही त्या टीव्हीआड लपलो होतो, एवढंच कळलं.

गेल्या आठवड्यात माजलगावहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. नातवाचा कॉम्प्युटर टीव्हीला जोडलाय, उजवीकडचं कापलं जातंय. मी विचारलं, "घरात दुसरं कुणी हाय का?" सूनबाई होत्या. "त्यांना तुमच्या जागी बसवा. फोन त्यांच्याकडं द्या." खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ताई, तुमाला काय दिसतंय?"

"कापलेलंच हाय ओ. उजवीकडचं न्हाईच."

"नीट बघा."

"नीटच बघायले मी. मलाबी न्हाई दिसत."

मी त्यांना पिक्चर साइज कुठं असतो ते सांगितलं. "आलं, आलं सगळं!" त्या म्हणाल्या, मागून सरही म्हणाले. फोन ठेवला आणि बशीर गेल्यापासून पहिल्यांदा, भर दुपारी, गिऱ्हाइकांसमोर, मी रडलो.