खडूनं काढलेला क्लच

कॅनडातल्या लायसन्सच्या फॉर्ममध्ये अकरावा प्रश्न असा आहे : याआधी तुमच्याकडे दुसऱ्या कुठल्या नावाचं लायसन्स होतं का? पुढं दोन चौकोन. एक हो, एक नाही. लेकीनं तो फॉर्म फोनवर पाठवला त्या सोमवारपासून माझं बूड एका जागी टेकलेलं नाही. घासलेली भांडी पुन्हा घासली. कपाटातल्या साड्यांच्या घड्या मोडल्या आणि होत्या तशाच पुन्हा घातल्या. चहाचं आधण ठेवलं, ते आटून पातेलं तडतडायला लागलं, तेव्हा आठवलं की चहा आत्ताच झालाय.

"तुला जायचं टेन्शन आलंय," आमचे हे म्हणाले.

"हो ना," म्हटलं. खोटं बोलायची माझी सवय जुनी आहे. तीच तर गोष्ट सांगायची आहे.

लेक-जावई तिकडं राहतात, दोन नातवंडं आहेत, आणि आता आम्हीही लोणावळ्याचं घर आवरून कायमचं तिकडं जायचं ठरलंय. लेकीचं घर गावाबाहेर. दूध आणायचं तरी चार किलोमीटर, बस तासाला एक, हिवाळ्यात गुडघाभर बर्फ. यांच्या डोळ्यांत काचबिंदू. तीन वर्षांपूर्वीच डॉक्टरांनी यांना स्टिअरिंग सोडायला लावलं. म्हणजे चालवली तर मीच चालवणार. नाहीतर दोघांनी मागच्या सीटवर भाजीच्या पिशव्यांसारखं बसायचं आणि लेकीला सुट्टी कधी मिळते याची वाट बघायची. ते मला जमायचं नाही. नुसतं बसून राहिले की माझे पाय आपोआप ब्रेक शोधतात.

आपलं लायसन्स तिकडं जसंच्या तसं चालत नाही. परीक्षा द्यावी लागतेच. पण इथं किती वर्षं गाडी चालवलीत हे कागदावर दाखवलं, तर मधली वर्षभराची उमेदवारी वाचते. त्यासाठी इथल्या ऑफिसातून लायसन्सचा उतारा काढायचा. जमिनीचा निघतो तसा माणसाच्या ड्रायव्हिंगचाही उतारा निघतो, हे मला या वयात कळलं. आणि उतारा म्हटला की जुनी नोंद कुणाच्या नावची निघेल, याचा काय भरवसा?

यांना मात्र चेव चढला. हे गणिताचे मास्तर. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण फाइल दिसली की हात शिवशिवतात. प्रत्येक कागदाला मोजून भोकं पाडली, वर अनुक्रमणिका लावली. आणि कुणी मागितलेलं नसताना स्वतःचं एक पत्र जोडलं. पत्र इंग्रजीत, पण मला शेजारी बसवून मराठीत अर्थ सांगितला. "मी असे प्रमाणित करतो की, माझ्या पत्नीस विवाहापूर्वी वाहन चालवण्याचे कोणतेही ज्ञान नव्हते. तिला मी स्वतः शून्यापासून शिकवले आहे." शून्याखाली रेघ. त्याखाली सही.

मी पाणी प्यायला आत गेले.

आत कपाट आहे. कपाटात शालू, शालूखाली अंथरलेला कागद, आणि त्या कागदाखाली एक लायसन्स आहे. जुन्या काळचं, वहीसारखं. त्यात दोन वेण्यांच्या एका मुलीचा फोटो. फोटोवाला आपली कोंबडी चोरून चाललाय, अशा नजरेनं ती समोर बघते. नाव माझं माहेरचं. लग्नात यांनी ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहिलं, आडनावासकट सगळी बाईच बदलली, आणि ती वेण्यावाली वहीतच राहून गेली.

माझे वडील देहूरोडच्या डेपोत ट्रक चालवायचे. घर परंदवडीला. डेपोतून मोडीत निघालेली एक जीप त्यांनी घेतली होती, आणि सुट्टीच्या दिवशी तिच्यातून आंदर मावळातल्या नातेवाइकांची भाताची पोती आणायचे. भाऊ गाडीत बसला की दुसऱ्या वळणावर ओकायचा, म्हणून शिकायची पाळी माझ्यावर आली. वडिलांनी आधी रिव्हर्स शिकवला, मग बाकीचं. "फुडं कुनीबी जातंय," ते म्हणायचे. "मागं नेता आली तर ड्रायवर." तिकडचा रस्ता एका गाडीपुरता. समोरून बैलगाडी आली की मागं कुणी जायचं यावर चर्चाच नसायची. बैल काही मागं जात नाही. मी जीप मागं घ्यायचे, उतारावरून, पोत्यांसकट, मान वळवून. एकोणिसाव्या वर्षी लायसन्स काढलं आणि गावभर अशी फिरले जसं काही मला विमानच मिळालंय. फार आगाऊ होती ती मुलगी.

आणि तितकीच भित्री. पाहुणे बघायला यायचे होते त्या सकाळी आत्यानं तिला चुलीपाशी ओढलं.

"पावन्यांम्होरं जीप-फीप काय बोलू नगंस. भरतकाम येतं म्हन."

"मला कुटं येतं भरतकाम?"

"न्हाई येत तर शिकशील. जीप आता इसरायची."

बैलगाडीला न घाबरणारी ती बया आत्याला घाबरली. पाहुण्यांपुढं मान खाली घालून "भरतकाम" म्हणाली. आज भेटली तर तिचा कान पिरगाळीन.

लग्न होऊन लोणावळ्याला आले. तीन खोल्या, त्यात सासू-सासरे, दोन दीर, एक नणंद. महिनाभरानं यांनी शाळेतल्या एका सरांची जुनी पांढरी गाडी घेतली. त्या संध्याकाळी दारामागं मला गाठून, कान लाल करून, हळूच म्हणाले, "मी तुला गाडी शिकवतो." खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. देवाशप्पथ उघडलं होतं. पण तो चेहरा बघितला आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी यांनी ओसरीच्या फरशीवर खडूनं तीन चौकोन काढले. क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर. समोर खुर्ची. गिअर म्हणून हातात लाटणं दिलं. आठ दिवस मी त्या खुर्चीवर बसून खडूचा क्लच दाबत होते. आंदर मावळातल्या ओढ्यांतून भाताची पोती आणलेली बाई! सासूबाई जाता-येता बघायच्या. "काय गं, शिवणाचं मशीन शिकतेस का?"

मग खऱ्या गाडीत बसलो. मुद्दाम गाडी बंद पाडणं हे चालवण्यापेक्षा अवघड असतं, हे मी तुम्हाला अनुभवानं सांगते. क्लच नेमका किती लवकर सोडला की गाडी बेडकासारखी उडेल, याचा मी अभ्यास केला. एकदा फाटकाचा खांबही घासला. हे कधी ओरडले नाहीत. प्रत्येक वळणाआधी फक्त एवढंच म्हणायचे, "हॉर्न." मी वाजवायचे. एकच गोष्ट यांनी शिकवली नाही, रिव्हर्स. "तो फारसा लागत नाही," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघितलं. गाडी वळवायची झाली की आम्ही अख्ख्या तळ्याला वळसा घालून यायचो. मास्तरांना रिव्हर्स येत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

आठ महिने शिकले मी. पहिल्या परीक्षेत नापासही झाले, आठाचा आकडा काढताना दोन खुणा सफाईनं आडव्या करून. दुसऱ्या खेपेला पास. नव्या नावाचं नवं लायसन्स. यांनी घरी पेढे वाटले. एका माणसानं दोन लायसन्स ठेवायची नसतात, हे मला फार उशिरा समजलं. तोवर वेण्यावालीची मुदत संपून गेली होती, आणि ती कपाटात गप्प होती. मीही गप्प होते. चाळीस वर्षं.

रविवारी लेकीनं व्हिडिओवर फॉर्म भरायला घेतला. ती प्रश्न वाचायची, हे फाइल बघून उत्तर सांगायचे, मी बाजूला बसून पदराला पीळ घालायचे.

"अकरावा. दुसऱ्या नावानं लायसन्स होतं का. नाही. बारावा..."

"थांब," मी म्हटलं.

"काय झालं?"

"हो टाक."

यांनी चष्मा काढला. "हो कसं? माझ्यासमोर काढलंय तुझं लायसन्स."

मी उठले, कपाट उघडलं, आणि ती वही आणून यांच्या फाइलवर ठेवली. 'नाही' टाकलं असतं तर बहुधा कुणाच्या बापाला कळलं नसतं, हे काय मला माहीत नव्हतं? पण त्या फाइलीत यांचं पत्र होतं. खोटं बोलले मी आणि त्याखाली सही गेली असती यांची. ज्या माणसानं शाळेत कधी कुणाला अर्धा गुण फुकट दिला नाही, त्याची.

"दाखव, दाखव! कॅमेऱ्याजवळ धर," लेक ओरडली. "आई गं, ही कोण गुंड?"

हे हसले नाहीत. वहीतली तारीख बोटानं वाचली. मनातल्या मनात वजाबाकी केली, ओठ हलले तेवढं दिसलं. "लग्नाआधी दीड वर्ष," म्हणाले. चपला घातल्या आणि बाहेर पडले.

"रागावले का गं बाबा?"

"गणित तपासतायत," मी म्हटलं.

तास झाला. मी तीनदा फाटकापर्यंत जाऊन आले. शेजारीण म्हणाली, "कुणाची वाट बघताय?" म्हटलं, "गॅसवाल्याची." रविवारी! दीड तासानं हे आले, आणि दारातूनच म्हणाले, "चावी घे."

गाडी काढली. हे डावीकडं बसले, हात मांडीवर. पहिलं वळण आलं. हे काही बोलले नाहीत. दुसरं आलं, तरी नाही. मला हॉर्न वाजवायचं सुचेना. चाळीस वर्षं ते यांचं खातं होतं, माझा हात ऐकायचा तो यांचा शब्द. तिसऱ्या वळणावर एक स्कूटरवाला अंगावर येता येता वाचला आणि मला सुनावून गेला. तरी यांचं 'हॉर्न' नाही. एवढी भीती मला आंदर मावळातल्या कुठल्याही चढावर वाटली नव्हती.

धरणाकडच्या अरुंद रस्त्याला लागलो तर समोरून पर्यटकांची मोठी गाडी. दोन्ही बाजूंना दगडी गडगे. तो हॉर्न वाजवतोय, त्याच्यामागं आणखी दोन. बैलांसारखेच, मागं जाणार नाहीत.

"आता?" हे म्हणाले.

मी डावा हात यांच्या सीटमागं टाकला, मान वळवली आणि गाडी मागं सोडली. चढावर, दोन वळणं, गडग्याला वीतभर राखून, न थांबता. मोकळ्या जागेत आणून उभी केली. पर्यटकांतल्या एका मुलानं खिडकीतून अंगठा दाखवला.

यांनी मान वळवून मागचा रस्ता बघितला. "हे मी शिकवलेलं नाही."

"नाही."

"मला येत नाही हे."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून."

"आणि बोलली नाहीस." मग म्हणाले, "तो फाटकाचा खांब?"

"मुद्दाम."

"नापास झालीस तो दिवस? मी तुला भजी खाऊ घातली. रडत होतीस तू."

"मिरची लागली होती."

"अगं, पण आठ महिने? दोन महिन्यांत संपवायचं होतंस नाटक. मला मूर्ख बनवायचं तर..."

"तीन खोल्यांत सात माणसं होतो आपण," मी म्हटलं. "दिवसभरात तुम्ही माझ्याशी बोलायचात ते 'मीठ दे'. गाडीत एक तास मिळायचा, दोघांनाच. पास झाले असते तर दुसऱ्या दिवशी त्या वेळेला मी पोळ्या लाटत असते आणि तुम्ही शिकवण्या घेत असता."

यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. तो काही घाण झालेला नव्हता.

मी गाडी सुरू केली. उताराला लागलो, वळण आलं.

"हॉर्न," हे म्हणाले.

मी वाजवला. गरजेपेक्षा जरा जास्तच.

घरी आल्यावर यांनी पत्र बाहेर काढलं, लाल पेनानं शून्याचं वाक्य खोडलं आणि समासात लिहिलं, "पुनर्तपासणी करावी." लेक म्हणते, ते पत्र कुणी मागितलेलंच नाही, पाठवू नका. म्हणून ते आता वेण्यावालीच्या वहीत आहे. फॉर्म 'हो'सकट गेला. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र आणि लग्नाचा दाखला मागितलाय. त्या खेपा चालू आहेत, मंजूर होईलच असं नाही, आणि माझं बूड अजूनही टेकत नाही. पण आता घोर वेगळाच आहे. तिकडं म्हणे वळणावर कुणी हॉर्न वाजवत नाही, वाजवला तर लोकांना अपमान वाटतो. मग वळण आलं की हे काय बोलणार?