चाकावर फोडलेला नारळ

माझ्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती आणि कारखान्याच्या ऑफिसात मला कुणी बस म्हणालं नाही. समोर रिकामी खुर्ची होती. मी तिच्या पाठीला हात लावला, तर चेअरमन म्हणाले, "हुबा ऱ्हा. उसतोड्याच्या हातात मशीन दिली की असंच व्हतंय. कोयताच बरा व्हता तुला."

माझे आईबाप ऊसतोडीला जायचे, हे खरं. त्याची लाज मला कधी वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली. आणि वाटली याचा राग अजून गेलेला नाही.

चेअरमनच्या बाजूला आमचे फोरमन बसले होते. मी त्यांना नाना म्हणायचो. आयटीआय करून वडवणीकडच्या या सहकारी साखर कारखान्याच्या वर्कशॉपात लागलो, तेव्हा ग्राइंडर, म्हणजे पात्यांना धार लावायचं दगडी चाकाचं यंत्र, मला नानांनीच शिकवला. चाक लावायच्या आधी भोकात बोट घालून उचलायचं, स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हळूच ठोकायचं आणि ऐकायचं. चांगलं चाक खणकन वाजतं. तडकलेलं बसकं बोलतं, फुटक्या मडक्यासारखं. "डोळ्याला दिसत न्हाई ती भेग कानाला कळती," नाना म्हणायचे. चाकावरचं लोखंडी झाकण, म्हणजे गार्ड, लावल्याशिवाय बटण दाबायचं नाही. चालू करताना चाकासमोर उभं राहायचं नाही. पाच वर्षं मी त्यांच्या डब्यातली भाकरी खाल्ली. बाप सहा-सहा महिने उसाच्या फडात असायचा. सल्ला विचारायला माझ्याजवळ नानाच होते.

त्या साली पाऊस झाला नाही. ऊस उभ्यानं वाळत होता आणि उरलासुरला शेजारचे कारखाने पळवतील म्हणून गाळप लवकर सुरू करायचं ठरलं. त्यातच खंडेनवमी आली. दर खंडेनवमीला आम्ही यंत्रं पुसायचो, हळदकुंकू वाहायचो आणि नारळ बाहेर, उंबऱ्याजवळच्या दगडावर फोडायचो. त्या वर्षी पूजेला चेअरमन स्वतः आले, सोबत फोटोवाला घेऊन. फोटोवाला म्हणाला, झाकणामुळं चाक दिसत नाही. नानांनी लगेच गार्ड काढून स्टोअरात पाठवला. चेअरमननी चाकाला कुंकू लावलं, हार घातला आणि नारळ थेट चाकावरच आपटला. पहिल्यांदा फुटला नाही. मग अजून जोरात. टाळ्या पडल्या. नारळाचं पाणी कुंकवासकट चाकात मुरलं. तेव्हा मला काही सुचलं नाही, मीही टाळी वाजवली.

दसरा करून कामावर आलो आणि चाक उतरवून ठोकलं. बसकं वाजलं. पुन्हा ठोकलं. नानांना हाक मारली आणि चाक त्यांच्या कानाशी धरलं.

नानांनी चाकावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "वलं हाय म्हणून तसं वाजायलंय. लाव."

"नाना, तडकलंय ते. आन् गार्ड कुठंय?"

"गार्डबी श्टोअरात, नवं चाकबी श्टोअरात. श्टोअरवाला चावी घिऊन गावाकडं गेलाय. पात्यांना आजच्या आज धार पायजे. आन् सायबाच्या हातचा नारळ फुटलाय त्याच्यावर. ते चाक फेकलं म्हणून कोण सांगणार त्यास्नी? तू?"

मी चाक लावलं. नाही म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं, ते गिळलं. ही चूक माझी. ती मी कुणावर ढकलत नाही.

चष्मा घातला, बाजूला उभं राहून बटण दाबलं. मिनिटभर ठीक फिरलं. उसाचे तुकडे करणाऱ्या यंत्राचं पहिलं पातं धारेसाठी टेकवलं आणि चाक फुटलं. एक तुकडा छताच्या पत्र्यातून पार गेला. दुसरा माझ्या चष्म्यावर बसला. चष्मा होता म्हणून जीव वाचला. डोळा नाही.

पंधरा दिवसांनी ऑफिसात बोलावलं ते असं, उभं करायला. टेबलावर टाईप केलेला कागद होता. मी परवानगी न घेता गार्ड काढला आणि चाक न तपासता लावलं, असा माझाच कबुलीजबाब. खाली साक्षीदाराची सही. नानांची.

"नाना, न तपासता?" मी एवढंच विचारलं.

नानांनी मान वर केली नाही. "सही कर लेका. नोकरी ऱ्हाईल तुझी. मलाबी पोरंबाळं हायती."

चेअरमनकडून मला कसलीच आशा नव्हती. पण माझा कान नानांनी तयार केला होता, आणि त्या कानानं काही ऐकलंच नाही असं तेच लिहून देत होते. खिशात हात घातला. खिशात चाकाचा एक तुकडा होता. वर्कशॉप झाडताना एका सोबत्यानं उचलून दवाखान्यात आणून दिलेला. त्याची तुटलेली कड निम्मी करडी आहे आणि निम्मी लाल. आधीची भेग असल्याशिवाय कुंकू इतकं आत उतरत नाही.

मी खुर्ची ओढली आणि बसलो. पेन परत सरकवला.

"सही करणार न्हाई."

"मग उद्यापासून यिऊ नगस," चेअरमन म्हणाले.

"न्हाई येत."

तुकडा मी तिथं दाखवला नाही. दाखवला असता तर तो काढून घ्यायला नानाच आधी उठले असते. दुसऱ्या दिवशी बीडची एसटी धरली, कामगारांचे खटले लढवणारा एक वकील गाठला आणि कारखान्यावर दावा लावला. आज गेवराईत एका गॅरेजात ग्राइंडर चालवतो, एका डोळ्यानं. रोज सकाळी आधी चाक ठोकतो. तारखा पडतात, प्रत्येक तारखेला जातो. नानांचे दोन निरोप आले, मिटवून घे म्हणून.

मिटवणार नाही. नाना साक्षीला उभे राहतील त्या दिवशी मी दोन चाकं घेऊन जाणार आहे, एक चांगलं आणि एक तडकलेलं. ती त्यांच्या हातात द्या आणि सगळ्यांसमोर ठोकायला लावा, असं वकिलाला सांगून ठेवलंय. मग नानांनी शपथेवर सांगावं, त्या दिवशी चाक कुणाच्या कानाशी धरलं होतं.