ओन्नींचं हरीण आणि माझी एकादशी

"तिकडे काय बघताय? तुमच्या बुटाखाली आहे," मी म्हटलं.

ओन्नींनी एक पाय उचलला, मग तो ठेवून दुसरा उचलला. "कुठल्या बुटाखाली?"

"डाव्या. चांगला रुपयाएवढा थेंब आहे."

"हां हां, दिसला," ते म्हणाले आणि शेजारच्या कोऱ्या पानाकडे बघून त्यांनी मान डोलावली.

दुपारपासून आम्ही त्या मेपलच्या रानात चालत होतो. पायाखाली पानांचा खच, लाल, तांबडी, नारिंगी, आणि त्यात हरणाच्या रक्ताचे थेंब शोधायचे. हळदीकुंकवाच्या ताटात सांडलेलं कुंकू वेगळं काढायचं म्हणजे कसं, तसं ते काम. माझ्या हातात टॉयलेट पेपरचं भेंडोळं होतं. थेंब सापडला की जवळच्या फांदीला एक तुकडा अडकवायचा, म्हणजे माग हरवला तर शेवटच्या खुणेपाशी परत येता येतं. इथं सगळे शिकारी असंच करतात. पण एकादशीच्या दिवशी पूजाअर्चा करून मी हे असलं हातात धरून रानात हिंडेन, हे आईला कुणी सांगितलं असतं तर तिनं माझी दृष्ट काढली असती.

ओन्नी सारेला आमचे शेजारी. सुपीरियर सरोवराच्या काठी आम्ही राहायला आलो तेव्हापासूनचे. यांच्याबरोबरच खाणीत होते, आता सत्तरीच्या पुढे. आमच्या गावात शिकारीला ऑक्टोबर लागला की धनुष्य आणि नोव्हेंबरच्या मध्याला बंदूक. बंदुकीच्या पहिल्या दिवशी शाळेलाही सुट्टी असते. ओन्नी, त्यांचा बालमित्र तौनो आणि आणखी चारसहा म्हातारे त्या दिवसांत रानातल्या लाकडी कॅम्पात मुक्काम ठोकतात. ज्याचा नेम चुकेल त्याच्या सदऱ्याचा मागचा सोगा कात्रीनं कापायचा आणि भिंतीला खिळ्यानं ठोकायचा, असा तिथला नियम. भिंत चौकड्यांच्या कापडांनी भरून गेली आहे. त्यात तौनोचे इतके सोगे आहेत की त्यांची गोधडी होईल. ओन्नींचा एकही नाही.

धनुष्य मात्र ते फक्त बायकोबरोबर चालवायचे. ओन्नी वर मचाणावर, लेम्पी खाली मोटारीत विणत बसलेली. बाण लागला की दोघं मिळून माग काढायचे. गावातल्या बायका म्हणायच्या, बघा, शिकारीलासुद्धा बायकोला सोडत नाही. दोन वर्षांपूर्वी लेम्पी गेली आणि धनुष्य खुंटीला लागलं.

ते खाली उतरलं माझ्यामुळे. काल दसरा होता. मी सुरी, शिवणयंत्र, यांची मोटार, सगळ्याची पूजा केली. ओन्नी सफरचंदं द्यायला आले होते, त्यांना म्हटलं, "आज शस्त्रं पुजतात आमच्यात. तुमचं धनुष्य आणा." त्यांनी आणलं. मी कुंकू लावलं आणि आपट्याचं म्हणून मेपलचं एक पान त्यांच्या हातावर ठेवलं.

"माती का फासलीस?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, थट्टा करताहेत.

आणि आज सकाळी बाण घेऊन दारात उभे. "कुसुम, यावरचं रक्त कसल्या रंगाचं आहे?"

"ओन्नी, आज माझी एकादशी आहे!"

"खायला नाही सांगत, बघायला सांगतोय."

मी लांबूनच बघितलं. "काळपट. चिंचेच्या कोळासारखं."

चिंचेचा कोळ त्यांना काय कळणार? मग बरणी काढून दाखवली. त्यांनी हुंगली, चाटली, तोंड वाकडं केलं. "म्हणजे काळजाला, यकृताला लागलंय. मरणार ते नक्की, पण लगेच मागे लागलो तर उठून दलदलीत जाईल आणि कोल्ह्यांचं जेवण होईल. दुपारी जायचं. पूजा तू केलीस, आता शोधायलाही तूच चल."

दुपारपर्यंत ते माझ्या स्वयंपाकघरात बसले. मी शेंगदाण्याचा लाडू दिला तो खाल्ला, माझ्यातलाही अर्धा मोडून घेतला, भिंतीवरची मराठी दिनदर्शिका खालीवर न्याहाळली. "या दिवशी तू जेवत नाहीस हे तुला कसं कळतं?"

"लाल अक्षरात छापलेलं असतं की."

"असं होय," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

तर असे आम्ही रानात. ओढ्यापाशी आलो आणि माग संपला. शेवटचा कागद मागच्या भूर्जावर फडफडत होता आणि पुढं थेंब म्हणून नाही. ओन्नींनी खिशातून फवाऱ्याची बाटली काढली. जखमेवर घालतात ते औषध, रक्तावर पडलं की पांढरा फेस येतो. ते एकेका पानावर फवारत निघाले. कोरड्या पानावर, ओल्या पानावर, एकदा तर एका लालभडक अळंबीवर.

मला राहवलं नाही. "ओन्नी, तुम्हाला लाल दिसतच नाही ना?"

फवारा थांबला.

"तोंडाला कुलूप नावाची वस्तू नाही तुझ्या."

"नाही. पण विचारतेय ते खरं ना?"

ते पडलेल्या ओंडक्यावर बसले. "लाल, हिरवं, सगळं मला एकच. बर्फावर भागतं. पांढऱ्यावर रक्त काळं दिसतं, तेवढं पुरतं मला. म्हणून बंदुकीच्या दिवसांत मी वाघ. पण या पानांत मी आंधळा. लेम्पी बघायची आणि सांगायची. बीट म्हणाली की काळीज, चेरी म्हणाली की फुप्फुस. लोकांना वाटायचं, काय प्रेम आहे!"

"ते नव्हतंच का मग?"

"होतं गं. पण ती नसती आली तर एकही हरीण मिळालं नसतं, हेही होतं."

"सांगायचं की सगळ्यांना."

"कॅम्पात? म्हणजे उद्यापासून माझ्या शेजारी बंदूक घेऊन कोणी बसणार नाही. म्हणतील, म्हाताऱ्याला गोळी लागू नये म्हणून घातलेली आपली नारिंगी जाकिटंही दिसत नसतील."

"दिसतात का?"

"दिव्यासारखी चमकतात! पण तौनोला हे कोण पटवणार?" त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ऐक. आज हे हरीण मिळालं नाही तर धनुष्य देऊन टाकणार. जनावराला घायाळ करायचं आणि घरी जाऊन कॉफी पीत बसायचं, हे माझ्यानं होणार नाही."

मी देवाचं नाव घेतलं आणि वाकले. मंगळसूत्राचा मणी तुटून पडला की बायका जशा शोधतात तशी शेवटच्या खुणेभोवती गोल फिरायला लागले, आधी लहान गोल, मग मोठा. पोटात कावळे ओरडत होते. ओन्नी मागून सूचना देत होते, "उताराकडे बघ. जखमी जनावर चढ चढत नाही." तरी काही नाही. पाठ धरली म्हणून ताठ झाले आणि समोरच नेच्याच्या दांड्यावर, माझ्या गुडघ्याच्या वर, बोट पुसल्यासारखा पट्टा. इतका वेळ मी जमिनीवर बघत होते आणि रक्त हरणाच्या उंचीवर होतं.

"चिंच!" मी ओरडले.

"कुठं? कुठं?" ओन्नी बाटलीसकट धावले.

तिथून पुढं नेच्यांतूनच माग होता. देवदारांच्या दाटीत ते निजलेलं दिसलं, पाय पोटाशी घेऊन, मान पानांवर टाकून. थंड पडलं होतं. ओन्नींनी पुन्हा टोपी काढली. मी हात जोडले. त्याची क्षमा मागितली. आणि सापडलं म्हणून देवाचे आभारही मानले. दोन्ही एकदम कसं, ते देवच जाणे.

मग ओन्नींनी तौनोला फोन केला. तो त्याची चारचाकी फटफटी घेऊन आला तो खिशातली कात्री वाजवतच. "हरवलं ना? काढ सदरा!"

"डोळे फुटले का तुझे? हे काय पडलंय?"

तौनोनं हरीण बघितलं, झाडाझाडाला लटकलेले कागद बघितले, मला बघितलं. "ही शोधते काय आता? छान! लेम्पीनंतर मला वाटलंच होतं, तुला कोणीतरी डोळेवालं लागणार."

ओन्नींचा चेहरा पडला. "म्हणजे?"

"म्हणजे काय? दोन वर्षं तू चर्चमध्ये एका पायात लाल आणि एका पायात हिरवा मोजा घालून येतोस. पाद्रीबुवासुद्धा प्रार्थनेत खाली बघून हसतात."

"आणि कॅम्प?"

"कॅम्पाला शाळेपासून माहीत आहे. तू हिरवी स्ट्रॉबेरी खाऊन दवाखान्यात गेलास ते विसरलास?"

मला आठवलं, ते मोजे मीही बघितले होते. बायको गेल्याच्या दुःखात भान राहत नसेल म्हणून हळहळलेही होते. ओन्नी तिथंच मटकन बसले आणि इतके हसले की खोकला लागला. मग डोळे पुसत म्हणाले, "पन्नास वर्षं लेम्पीला शपथेत अडकवून ठेवलं मी!"

"तिनंच तर माझ्या बायकोला सांगितलं," तौनो म्हणाला आणि हरणाच्या शिंगांना दोर बांधायला लागला.

परतताना ओन्नी माझ्याबरोबर चालत आले. वाटेतले कागद एकेक काढून मी पिशवीत टाकत होते, ते मागून "एक राहिला" म्हणून दाखवत होते. पांढरा कागद त्यांना लांबून दिसायचा. माझी चाल मंदावली होती.

"सकाळपासून एका लाडवावर आहेस ना?"

"अर्ध्या. दीड तुम्ही खाल्लात."

धनुष्य ओन्नींच्या खांद्यावर होतं, त्यावरचं कालचं कुंकू अजून तसंच होतं.

"कुसुम, एक काम कर. पुढच्या वर्षीची तुझी दिनदर्शिका आली की ऑक्टोबरचं पान मला दे. तुझ्या उपासाच्या दिवसांवर फुली मारून. त्या दिवशी मी बाण सोडणार नाही."

"देईन की. पण त्यात छापलेलं असतंच, लाल—"

"म्हणून तर फुली म्हणतोय," ओन्नी म्हणाले. "आणि काळ्या पेनानं मार."