रोबोटचं कपाळ

दसऱ्याला शाळेत कॉम्प्युटरची पूजा होते, आणि ओल्या कुंकवाचा वास नाकात गेला की माझं डोकं आजही फिरतं. काही वर्षांपूर्वी बोईसरला रोबोट फुटबॉलचा सामना होता. चेंडू शोधणारा सेन्सर आमच्या रोबोटच्या अगदी पुढच्या टोकाला बसवलेला. त्याला बोटसुद्धा लावायचं नाही, हे मी मुलांना सांगून सांगून घसा बसवून घेतला होता. शिट्टी वाजली आणि आमचं यंत्र जागच्या जागी गरगर फिरायला लागलं. चेंडू शेजारून जात होता, समोरचे गोलवर गोल करत होते. मध्यंतराला उचलून बघतो तर सेन्सरवर कुंकवाचा हा एवढा टिळा! "कुणाचे उद्योग हे?" मी ओरडलो. आमच्या संघातली, जवळच्याच नवापूरच्या कोळीवाड्यातली मुलगी शांतपणे म्हणाली, "मी लावलं, सर. तोंडाला कुंकू लावल्याशिवाय आमची होडी पाण्यात जात नाय." मी रुमालाने खसाखसा पुसत म्हटलं, "अगं बाई, तो डोळा आहे त्याचा!" "मग कपाळ कुठं हाय?" तिने विचारलं. सामना अर्थातच हरलो. आता दरवर्षी नवा रोबोट जोडताना मी चरफडत सेन्सरच्या वर बोटभर जागा मोकळी सोडतो.