दिवाळसणाचं ग्राफिक्स कार्ड

खरेदीला चुकूनही बरोबर नेऊ नये अशा बाई अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच होत्या, आणि त्या मला विहीण म्हणून मिळाल्या. पण त्यांना न विचारता एकटीने खरेदीला जाण्याचा मूर्खपणा मीच केला, हे आधी कबूल करून टाकते. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्यांनाच वेडं ठरवाल.

विहीणबाई डोंबिवलीच्या. वस्तू दुकानातच पुरती वापरून बघितल्याशिवाय घ्यायची नाही, हे त्यांचं व्रत. छत्री घेताना दुकानदाराला वरून तांब्याने पाणी ओतायला लावायच्या. कुकर घेताना त्यात डाळ शिजवून घेतली. डाळ उत्तम शिजली, तरी ‘शिट्टी रडकी आहे’ म्हणून कुकर परत केला. डाळ मात्र डब्यात भरून घरी नेली. नव्या चपला पायात घातल्या की स्टेशनापर्यंत चालून यायच्या आणि त्या परत येईपर्यंत दुकानात ओलीस म्हणून मी! दुपारची झोप झाली की पदर खोचून मुलाच्या कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळायला बसायच्या. वळण आलं की स्वतःही खुर्चीत कलंडायच्या आणि पुढच्या गाडीला, “अरे मेल्या, रस्ता काय तुझ्या सासऱ्याचा आहे?” असं खडसवायच्या. कॉम्प्युटर बिचारा जुना. रस्ता तुकड्यातुकड्यांनी यायचा, त्यामुळे विहीणबाई सदैव कठड्यावर आपटलेल्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझ्या लेकीने कॉम्प्युटर क्लासमध्ये भेटलेल्या विहीणबाईंच्या मुलाशी मला न सांगता रजिस्टर लग्न केलं. तेव्हाची मी म्हणजे मानाचा नुसता फुगा. मी डोंबिवलीत पाऊल ठेवणार नाही म्हणून जाहीर केलं. कुणी माझी वाट बघत बसलंय अशी माझी समजूत होती! मग पहिली दिवाळी आली. दिवाळसण तर करायला हवा, नाहीतर लोक काय म्हणतील? लेकीला फोन करून कोरडेपणाने विचारलं, “जावयांना काय हवंय?” ती तितकीच कोरडी. “ग्राफिक्स कार्ड. स्वस्तातलं चालेल. गेम नीट चालण्यापुरतं.” कसलं, कुठलं, हे विचारणं म्हणजे आपल्याला कळत नाही हे कबूल करणं. मी फोन ठेवला आणि ठाण्यातल्या एका दुकानात गेले.

दुकानदाराने विचारलं, “एजीपी की पीसीआय?” साडी ब्लाउजपीससकट हवी की नुसती, असं विचारावं तसं. कार्ड ज्या खाचेत बसतं तिच्या ह्या दोन जाती, हे मला मागाहून कळलं. मी ऐटीत म्हटलं, “एजीपीच द्या.” त्याचं खोकं मोठं होतं आणि त्यावर लालभडक मोटार होती. आमच्या ह्यांच्या हाती खोकं डोंबिवलीला रवाना केलं. स्वतः गेले नाही, अर्थातच.

दोन दिवसांनी दुपारी बेल वाजली. दारात विहीणबाई, हातातल्या पिशवीत ते खोकं. मागे फरसाणाच्या टेम्पोचा ड्रायव्हर, त्याच्या हातात गोधडीत गुंडाळलेला अख्खा कॉम्प्युटरचा डबा. सगळ्यांना चिवड्याचा वास.

“ठाणेकर,” त्या म्हणाल्या, “कार्ड बसत नाही. मी स्वतः स्क्रू काढून बघितलं. आत त्याची खाचच नाही. पोरं आज रात्री लावणार आहेत. तुमच्या मुलीला वाटेल, आईने दिलं ते पण वाकड्या मनाने. चपला घाला.”

मी चपला घातल्या. कारण लेकीला नेमकं तेच वाटलं असतं. आणि मग ती पाडव्याला आलीच नसती.

दुकानात विहीणबाईंनी काउंटरवर गोधडी सोडली आणि स्वस्तातली सगळी कार्डं एकेक करून लावून घेतली. प्रत्येकावर शर्यत. “ह्यात झाडं चौकोनी दिसतात.” “ह्याला वळणावर दम लागतो.”

दुकानदार काकुळतीला आला. “काकू, ह्याची मेमरी दुप्पट आहे.”

“असेल हो. पण चाकाखालची धूळ कुठाय?”

बघ्यांची गर्दी जमली. मी खांबाआड तोंड लपवून उभी. तेवढ्यात हाक आली, “ठाणेकर, तुम्ही बसा. मला आता सगळंच बरं दिसायला लागलंय.”

मी बसले. पहिल्याच वळणावर गाडी समुद्रात घातली. “ब्रेक मारा हो, ब्रेक!” विहीणबाई ओरडत होत्या आणि मी पाय आपटत होते, खाली जमिनीवर! लोक हसले, विहीणबाई हसल्या, आणि मेलं मलाही हसू आवरेना. “अजून एकदा,” हे कोण म्हणालं? मीच. निवड शेवटी अशी झाली की ज्या कार्डावर मी समुद्राच्या अलीकडे थांबले, ते घेतलं.

कार्ड पीसीआयचं, खोकं अगदी साबणाच्या वडीएवढं. दुकानदार बदलून द्यायला तयार होता, पण त्याला मोठं खोकं परत हवं होतं. तिथे विहीणबाई अडून बसल्या.

“खोकं मिळणार नाही.”

“काकू, खोक्याशिवाय मी हे कुणाला विकू?”

“ते तू बघ. ह्यांनी मुलीला हे खोकं दिलंय. घरात हेच खोकं दिसलं पाहिजे.”

इतक्या वेळच्या भांडणात मला पहिल्यांदा कळलं, की ही बाई कार्डासाठी भांडतच नव्हती. दुकानदाराने हात टेकले. नवं कार्ड मोटारीच्या खोक्यात गेलं. जावयाला कळलंच असणार, पण तोही आईचाच मुलगा. अवाक्षर बोलला नाही.

विहीणबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. हल्ली मी दुकानातून वस्तू मुकाट्याने उचलून आणते, आणि आणल्यावर चैन पडत नाही.

त्या दिवशी त्या डबा मांडीवर घेऊन टेम्पोत बसल्या. आभार मानायला माझी जीभ रेटेना. मी आपलं ताठ मानेने म्हटलं, “पाडव्याला मुलांना पाठवा हं.”

“पाठवते की,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही कधी येताय आमच्याकडे? आणि ठाणेकर, काही घेऊन येऊ नका. नुसत्या या.”